'बारोमास'मधली अलका

आज आपल्याच जिल्ह्यातल्या लेखकाविषयी बोलू. सदानंद देशमुख, चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे. त्यांच्या 'बारोमास' कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

त्यातला एकनाथ शिकलेला, पण नोकरीसाठी मोजायला पैसा नाही, म्हणून शेती करतो. शेती काही पुरत नाही. घरात रोजची धुसफूस. शेवटी बायको अलका माहेरी निघून जाते. आपण काय म्हणतो? "नांदायचंच नव्हतं तिला!" मलाही आधी तसंच वाटलं. पण नापिकीचा पंचनामा शेतात होतो, घरातल्या बाईचा कोण करतो? देशमुखांनी केला. पुढच्या बचत गटाच्या बैठकीत चार पानं मोठ्यानं वाचा. बोली आपलीच आहे, कुणी अडणार नाही.