व्याजाला अनुदान की घराला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



आयुष्यात प्रथमच स्वतःचे घर घेऊ पाहणाऱ्या कष्टकरी कुटुंबाला सरकारी तिजोरीतून साहाय्य मिळावे, याविषयी समाजवाद्यांत मतभेद असण्याचे कारण नाही. वाद आहे तो हे साहाय्य कोणत्या वाटेने जावे याचा. पैसा तोच असला तरी वाट बदलली की तो भलत्याच दारी पोचतो.

जून २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी विभागात दोन वाटा शेजारीशेजारी होत्या. दुर्बल घटकांसाठी भागीदारीत घरे बांधली गेली, तर दर घरामागे केंद्राचे दीड लाख रुपये. महाराष्ट्र शासनाने त्यात एक लाखाची भर घातली. दुसरी वाट गृहकर्जाच्या व्याजावरील अनुदानाची. २०१७ मध्ये ती मध्यम उत्पन्न गटालाही खुली झाली आणि वर्षाला १८ लाख रुपये मिळविणारे कुटुंब २ लाख ३० हजारांपर्यंतच्या अनुदानास पात्र ठरले. म्हणजे केंद्राच्या खतावणीत महिना दीड लाख मिळविणाऱ्याचे घर विडी वळणारीच्या घराहून वरचढ ठरले! ही तुलना प्रचारासाठी रचलेली नव्हे. ती योजनेच्या नियमांतच होती.

गरिबालाही व्याजाची सवलत होती, किंबहुना कागदोपत्री ती अधिक, म्हणजे २ लाख ६७ हजारांपर्यंत होती. परंतु सवलतीआधी कर्ज मिळावे लागते, आणि कर्जासाठी नियमित मिळकतीचा पुरावा लागतो. नाक्यावरच्या मजुराने तो आणावा कोठून? शिवाय शहरातील जमीन मागणी वाढली म्हणून वाढत नाही. अशा बाजारात ग्राहकाच्या हाती अनुदान ठेवले की त्यातील बराच वाटा किमतीत मुरतो आणि अखेर जमीनमालकाच्या पदरी पडतो.

आता सोलापूरकडे पाहावे. शहराबाहेर कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने सुमारे १० हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये ती घरे त्यांच्या स्वाधीन झाली. पुढे नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने रे नगरचा ३० हजार घरांचा प्रकल्प आला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातील सुमारे १५ हजार घरांच्या किल्ल्या कामगारांना मिळाल्या. हे काम कम्युनिस्टांचे आहे म्हणून त्याकडे पाठ फिरविणे समाजवाद्यांना शोभणार नाही. येथे अनुदान थेट विटासिमेंटात गेले, आणि योजनेचा सूत्रधार बिल्डर नव्हता, कामगारांचा सहकारी संघ होता.

मात्र हा नमुना सर्वत्र चालेल असे नाही. विडी घरी बसून वळता येते. म्हणून शहराबाहेरचे घर विडी कामगार स्त्रीला मानवते. मुंबईत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला पन्नास किलोमीटरवरचे घर फुकट दिले तरी ते महागच पडेल. तिच्यासाठी जमीन शहरातच हवी, आणि नेमकी तीच हातची गेली आहे. १९७६ चा नागरी कमाल जमीनधारणा कायदा सवलतींच्या कलमांनी आधीच पोखरला होता, हे खरे. पण भोके बुजविण्याऐवजी केंद्राने १९९९ मध्ये आणि महाराष्ट्राने २००७ मध्ये तो कायदाच मोडीत काढला. गिरण्यांच्या जमिनींचे तेच झाले. १९९१ च्या नियमानुसार एक तृतीयांश जमीन सार्वजनिक घरबांधणीसाठी यावयाची होती. २००१ मध्ये हा हिस्सा केवळ मोकळ्या जमिनीवर मोजावा असे ठरले, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले, आणि कामगारांच्या वाट्याला तुकडे उरले.

सप्टेंबर २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात व्याज अनुदानाची उत्पन्नमर्यादा १८ लाखांवरून ९ लाखांवर आली, ही सुधारणा मान्य केली पाहिजे. जमिनीचा प्रश्न मात्र तेथेच आहे. सरकारी व निमसरकारी जमीन विकून टाकू नये, ती कामगारांच्या सहकारी संस्थांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावी आणि घर पुढे विकावयाचे झाल्यास ते ठरावीक किमतीत त्याच उत्पन्न गटातील कुटुंबाला जावे, ही मागणी प्रत्येक नगरपालिकेच्या दारी नेली पाहिजे. त्याआधी कार्यकर्त्यांनी आपापल्या गावातील अशा जमिनींची यादी तलाठी आणि नगरभूमापन कार्यालयातून काढून आणावी. हे कंटाळवाणे काम दोन महिन्यांत होण्यासारखे आहे.