त्वचेचा लिम्फोमा आणि प्रथिनांच्या खुणा



इंदूरच्या ज्या शाळेत मी बाराखडी गिरवली, त्याच शाळेच्या सभागृहात आज व्याख्याता म्हणून उभे राहताना मन संकोचते आहे. संकोचाला आणखी एक कारण आहे. मी मराठीचा प्राध्यापक. माझे आयुष्य जुन्या पोथ्यांचे पाठभेद जुळवण्यात गेले. असा मनुष्य त्वचेच्या एका कर्करोगाविषयी आणि तो ओळखू देणाऱ्या प्रथिनांविषयी बोलणार, हे निमंत्रणपत्रिकेत वाचून अनेकांना नवल वाटले असेल. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आपल्या शरीरशास्त्राच्या सरांना हाच आजार होता. जाणकार डॉक्टरांना विचारून आणि वाचून मला जे उमगले, ते मी आपल्यापुढे ठेवतो.

सर १९८० साली निवृत्त झाले. चार वर्षांनी त्यांच्या कमरेवर आणि मांड्यांवर चट्टे दिसू लागले. काही तांबूस, काही फिकट. प्रथम नायटा म्हणून मलम मिळाले, पुढे इसब म्हणून दुसरे. मलम लावले की चट्टे विरत, थांबवले की परत येत. मग कोणीतरी कुजबुजले की हा महारोग असावा. एका डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली, संवेदना शाबूत होती. पण कुजबुज थांबली नाही. सरांनी मात्र वही घातली. प्रत्येक चट्ट्याची आकृती, माप, तारीख. विद्यार्थ्यांकडून बेडकाच्या आकृत्या ज्या काटेकोरपणे काढून घ्यायचे, त्याच काटेकोरपणे. १९९१ साली मुंबईच्या एका त्वचारोगतज्ज्ञाने ती वही पाहिली, पुन्हा एकदा त्वचेचा तुकडा तपासायला घेतला, आणि निदान झाले. सात वर्षे गेली होती. १९९६ साली सर गेले.

हा आजार म्हणजे काय? आपल्या रक्तात टी-पेशी नावाच्या संरक्षक पेशी असतात. त्यांपैकी काहींचा पहारा त्वचेत असतो. अशा पहारेकऱ्यांपैकीच एक पेशी बिघडते आणि तिची संतती त्वचेत बेसुमार वाढते. हा त्वचेचा टी-पेशी लिम्फोमा. त्याच्या सर्वांत नेहमीच्या प्रकाराचे वर्णन १८०६ साली पॅरिसच्या सँ-लुई रुग्णालयातील आलिबेर यांनी केले. रुग्णाच्या अंगावरील गाठी त्यांना अळंब्यांसारख्या भासल्या, म्हणून पुढे नाव पडले मायकोसिस फंगॉइडिस. बुरशीशी या आजाराचा काडीचा संबंध नाही. तरी नावात ती चिकटली ती चिकटलीच. १९३८ साली सेझारी यांनी अशा रुग्णांच्या रक्तात फिरणाऱ्या विचित्र पेशी दाखवल्या, ज्यात सर्वांग लाल होते त्या प्रकाराला त्यांचे नाव मिळाले. आजार विरळा आहे. अमेरिकेतील १९७३ ते २००२ या काळातील नोंदींनुसार या गटातील आजारांचे प्रमाण दर दहा लाख लोकांमागे वर्षाला सुमारे ६.४ इतके होते.

मग निदानाला इतका उशीर का? कारण आरंभी सूक्ष्मदर्शकाखालीही हा आजार इसबासारखाच दिसतो. इसबातही टी-पेशी जमतात, यातही जमतात. येथे मला माझा व्यवसाय आठवतो. आमच्याकडे पाठचिकित्सा, तिकडे रोगचिकित्सा. शब्द एकच, आणि रीतही फारशी वेगळी नाही. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हापासून आम्हां मंडळींचा धंदा हाच: अनेक प्रतींतून अस्सल कोणती आणि बिघाड कोठे शिरला, हे हुडकणे.

त्यासाठी पेशीवरील अक्षरे वाचता आली पाहिजेत. ही अक्षरे म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिने. १९७५ साली कोलर आणि मिलस्टीन यांनी एकाच प्रथिनाला नेमके चिकटणारे प्रतिपिंड हवे तितके तयार करण्याची युक्ती शोधली. १९८४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या प्रतिपिंडाला रंग देणारे द्रव्य जोडले की ज्या पेशीवर ते प्रथिन असेल तीच काचपट्टीवर तपकिरी उमटते. शोध इतके वाढले की १९८२ पासून या प्रथिनांना सीडी असे आद्याक्षर देऊन अनुक्रमांक लावण्यात आले.

निरोगी टी-पेशीवर सीडी-२, सीडी-३, सीडी-५, सीडी-७ ही अक्षरे बहुधा असतात. बिघडलेल्या पेशींवरून त्यांतील काही गळतात; सीडी-७ पुष्कळदा गळते, आणि सेझारीच्या रुग्णांच्या रक्तातील पेशींवरून सीडी-२६ही. व्याकरणात लोप हीदेखील एक खूण मानतात, तसेच हे. उलट काही अक्षरे नको तेथे उमटतात. केआयआर-३डीएल२ हे प्रथिन अनेक सेझारी पेशींवर सापडते. टॉक्स नावाचे प्रथिन पेशीच्या केंद्रकात अधिक प्रमाणात दिसते. तथापि यांपैकी कोणतीही एक खूण निर्णायक नाही. साध्या दाहातही सीडी-७ कमी होते. एका पाठभेदावरून पोथीचे कूळ ठरवणारा जसा फसतो, तसा एका प्रथिनावर विसंबणाराही फसतो.

आमच्या शास्त्रातील सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे समान चूक. अनेक पोथ्यांत एकच विचित्र चूक आढळली, तर त्या एकाच प्रतीवरून उतरल्या असे आम्ही मानतो. टी-पेशीवर शत्रू ओळखणारे एक ग्राहक प्रथिन असते आणि त्याच्या एका साखळीचे दोन प्रकार आहेत. प्रत्येक पेशी दोहोंपैकी एकच वापरते. दाहात नाना कुळांच्या पेशी जमतात, म्हणून दोन्ही प्रकार मिसळलेले दिसतात. संशयित पेशींत सरसकट एकच दिसला, तर त्या एकाच पेशीची संतती असाव्यात. ग्राहकाच्या जनुकावरूनही हेच तपासता येते. पण हा पुरावाही एकटा पुरत नाही. काही निरुपद्रवी विकारांतही असे एकच कूळ माजते. म्हणून चट्ट्यांचा इतिहास, सूक्ष्मदर्शकातील रूप, प्रथिने आणि जनुके या चारही साक्षी एकत्र वाचाव्या लागतात.

या वाचनातून आजार कळतो, तसा उपायही निघतो. टी-पेशीला त्वचेची वाट दाखवणारे सीसीआर-४ हे प्रथिन या रोगपेशींवर पुष्कळदा असते. त्यालाच जाऊन चिकटणारे मोगाम्युलिझुमॅब हे औषध अमेरिकेत २०१८ साली मान्य झाले. सीडी-३० असलेल्या पेशींना विष पोचवणारे ब्रेंटुक्सिमॅब त्याच्या आदल्या वर्षी या आजारासाठी मान्य झाले होते. रोगपेशी इंटरल्युकिन-३१ हे प्रथिन स्रवतात, आणि रुग्णाला रात्र रात्र झोपू न देणाऱ्या खाजेशी त्याचा संबंध आढळला आहे. सरांच्या वहीत एके ठिकाणी केवळ इतकेच लिहिले आहे: खाज, झोप नाही. त्या शब्दांमागचा एक दुवा मला परवा परवा कळला.

आपल्या लोकांसाठी दोन गोष्टी विशेष महत्त्वाच्या. सावळ्या त्वचेवर तांबूसपणा नीट दिसत नाही, आणि या आजाराचा एक प्रकार फिकट चट्ट्यांचाच असतो. म्हणून तो कोड किंवा कुष्ठ समजला जातो. दुसरे असे की स्टेरॉइड मिसळलेली मलमे आपल्याकडे सहज मिळतात. ती चट्ट्याचे रूप बदलतात आणि तपासणीही धूसर करतात. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने ती काही आठवडे थांबवून तुकडा घ्यावा लागतो. कपड्याखाली झाकलेल्या भागावरचा चट्टा महिनोन्महिने जात-येत राहिला तर तज्ज्ञ गाठावा, आणि पहिल्या तपासणीत काही निघाले नाही तरी पुन्हा तपासण्यास कंटाळू नये. अगदी आरंभीच्या अवस्थेतील बहुतेक रुग्ण जवळजवळ सर्वसाधारण आयुष्य जगतात. म्हणूनच ती सात वर्षे मला आजही बोचतात.

शेवटी एक कबुली. १९८८ च्या गुरुपौर्णिमेला मी सरांकडे गेलो होतो. ती कुजबुज माझ्याही कानी आली होती. दरवर्षी पायांवर डोके ठेवणारा मी त्या दिवशी दुरूनच हात जोडून उभा राहिलो. सरांच्या ध्यानात आले. ते काही बोलले नाहीत, बसायला खुर्ची मात्र त्यांनी स्वतःच थोडी दूर सरकवली. सरांचा आजार संसर्गाचा नव्हता. पण तो कुष्ठरोग असता तरी माझे वागणे क्षम्य ठरत नाही. औषधांनी बरा होणारा तोही एक आजारच आहे. जन्मभर इतरांचे चुकीचे पाठ दुरुस्त करणाऱ्या माझ्या हातून आपल्याच गुरूंचे वाचन चुकले.

ती वही सरांच्या कुटुंबीयांनी शाळेला दिली आहे आणि आज ती बाहेरच्या कपाटात ठेवली आहे. विद्यार्थ्यांनी ती जरूर पाहावी. न घाबरता, न लाजता, स्वतःच्या देहाकडे कसे पाहावे याचा धडा तीत आहे.