बांबूचं फ्लोअरिंग आणि बोटभर फट

आमच्या मागच्या खोलीत गटातल्या सातजणी पहाटे व्यायामाला जमतो. कोब्यावर गुडघे दुखायचे, म्हणून गटातून कर्ज काढून मी बांबूचं फ्लोअरिंग घातलं. पहिल्याच पावसात ते मधोमध फुगून वर आलं. एका काकूंचा पाय अडकला, हात मोडता मोडता राहिला.

चूक माझीच. कोबा नवा, पुरता वाळलेला नव्हता. शिवाय पट्ट्या भिंतीला घट्ट टेकवलेल्या. बांबू ओल धरतो, फुगतो. मग त्यानं सरकायचं कुठं?

दुसऱ्यांदा आधी कोब्यावर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून दिवसरात्र ठेवला. खाली पाणी सुटलं नाही, तेव्हाच काम धरलं. नव्या पट्ट्या तीन दिवस त्याच खोलीत ठेवल्या, खाली प्लास्टिक अंथरलं, भिंतीलगत सगळीकडे बोटभर फट सोडली. फट झाकणारी पट्टी भिंतीला ठोकायची हं, फ्लोअरिंगला नाही!

आता दोन पावसाळे झाले, पट्टी हललेली नाही. पहिल्या कर्जाचे हप्ते मात्र अजून चालूच आहेत. पुसायचं ते घट्ट पिळलेल्या फडक्यानं. बादलीभर पाणी ओतू नका, हे सासूबाईंना पटवायला मला वर्ष लागलं.