बॅक्टेरिया धातू खात नाहीत!

लोकलमध्ये उभ्याउभ्या ऐकत असाल, तर आजचा भाग खास तुमच्यासाठी.

विठ्ठलवाडी सोडून गाडी कल्याणकडे निघाली की नाकाला आधी कळतं, वालधुनी आली! लहानपणी मी तिला नालाच समजायचो. खूप उशिरा कळलं की ती नदी आहे, काकोळ्याच्या डोंगरातून येते आणि अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर तिच्याच काठावर आहे. अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण असं सगळ्यांचं सांडपाणी पोटात घेत ती उल्हास नदीला मिळते.

फेब्रुवारी २०२० मधला डोंबिवली एमआयडीसीचा गुलाबी रस्ता आठवतोय? रंग दिसला म्हणून आपण ओरडलो. पण शिसं, पारा, कॅडमियम थोड्या प्रमाणात पाण्यात विरघळलेले असले, तर ना रंग दिसतो ना वास येतो.

मग एका श्रोत्याने विचारलं, ‘दादा, धातू खाणारे बॅक्टेरिया नदीत सोडले तर?’

प्रश्न भारी आहे. पण यात एक गडबड आहे. तेल खाणारे बॅक्टेरिया असतात. आनंद मोहन चक्रवर्तींनी तसा एक तयार केला आणि त्याच्या पेटंटचा खटला १९८० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात जिंकला गेला. तेल मोडून त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊ शकतं. शिसं मात्र मूलद्रव्य आहे. त्याचं काहीही करा, ते शिसंच राहणार.

मग बॅक्टेरिया करतात काय? धातूचं रूप बदलतात. क्रोमियम-सहा पाण्यात सहज विरघळतं आणि त्याने कॅन्सर होऊ शकतो. काही बॅक्टेरिया त्याचं क्रोमियम-तीन करतात. ते खूप कमी विषारी असतं आणि गाळासारखं खाली बसतं. साखर विरघळते, वाळू बसते, तसंच. या बॅक्टेरियांना खाद्य म्हणून काही ठिकाणी चक्क मळी जमिनीत सोडतात, साखर कारखान्यातली!

दुसरे बॅक्टेरिया सल्फेटपासून सल्फाइड बनवतात. ते जस्त, कॅडमियमला चिकटतं आणि साका तळाशी बसतो. नेदरलँड्समध्ये ब्यूडेलच्या जस्त कारखान्यात १९९२ पासून भूजल असं साफ केलं गेलं. पाऱ्याची तऱ्हा वेगळी. काही बॅक्टेरिया त्याची वाफ करतात. पाणी सुटलं, पण पारा हवेत गेला!

आता वालधुनीत का नको? दही लावताना विरजण, ऊब आणि शांतता लागते ना? वाहत्या नळाखाली दही लागेल का? सल्फेटवाल्या बॅक्टेरियांना तर प्राणवायू नसलेली बंद टाकी लागते. नदीत रोज नवीन रसायन, नवीन आम्ल. म्हणून हे काम कारखान्याच्या आत, पाणी बाहेर पडायच्या आधी व्हायला हवं.

आणि खाली बसलेल्या साक्याचं काय? विष त्यातच आहे. तो तळोज्यासारख्या घातक कचऱ्याच्या केंद्रात जायला हवा. रात्री टँकरने नाल्यात ओतला, तर बॅक्टेरियांची मेहनत पाण्यात.

हे सगळं मी वाचायला लागलो ते आईमुळे. ती रुळांच्या कडेला पिकलेला पालक आणायची. स्वस्त, ताजा. मी म्हटलं, ‘नाल्याच्या पाण्यावरचा आहे.’ ती म्हणाली, ‘धुतला की झालं.’ पण कॅडमियम मुळातून पानात शिरतं. धुऊन काय जाणार? मग तिने विचारलं, ‘महागाची भाजी रोज तू आणशील का?’

मी गप्प बसलो. आजही माझ्याकडे नीट उत्तर नाही. आठवड्यातून दोनदा मी बाजारातून आणतो, एवढंच.

तुम्ही एक करा. टँकर नाल्यात रिकामा होताना दिसला, तर लांबूनच फोटो काढा, वेळ आणि जागा लिहा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करा. टँकरवाल्याशी भांडू नका, बरं का!

भेटू पुढच्या भागात. कल्याण आलं, उतरा!