कमाई नाही, तरी काम आहे
(लंडनमधील मराठी बायकांच्या बैठकीत केलेले भाषण)

मैत्रिणींनो, मला व्याख्यान देता येत नाही. मी ब्लाउज शिवते. २०२३ साली जेवणाच्या टेबलावर मशीन मांडलं, तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. कुणी विचारलं, “काय करता?” तर मी म्हणायची, “काही नाही, घरीच असते.”

हे ‘काही नाही’ मला पाच महिने महागात पडलं. एक दिवस जमिनीवरची टाचणी पोरीच्या तोंडात सापडली. नर्सरी शोधली, तर तिची फी माझ्या कमाईहून जास्त. जुन्या बायका म्हणाल्या, मदत मिळते, पण आठवड्याला सोळा तास काम दाखवावं लागतं. मी गप्प बसले. खरं तर ती अट टॅक्स क्रेडिटची. ती पद्धत ५ एप्रिल २०२५ला पुरती संपली, आणि नवे अर्ज तर त्याआधीच बंद झाले होते. आता आहे ते युनिव्हर्सल क्रेडिट. त्यात नर्सरीच्या मदतीसाठी तासांची अट नाही. मोबदल्यासाठी केलेलं काम हवं. गेलेल्या महिन्यांचे पैसे मात्र सहसा मिळत नाहीत.

फीच्या ८५ टक्क्यांपर्यंत परत मिळतात. २०२५-२६ साली एका मुलामागे महिन्याला कमाल मर्यादा सुमारे १०३१ पौंड होती. आधी भरायचे, मग मागायचे. काम सुरू करताना पहिल्या फीलाच पैसे नसतील, तर जून २०२३ पासून ते आगाऊ मागता येतात. नर्सरी नोंदणीकृत हवी. सासूबाईंनी घरी सांभाळलं तर त्याचे पैसे नाहीत. (त्यांचे कष्ट कुठल्याच रकान्यात बसत नाहीत, त्याही ‘काही नाही’च करतात.)

धंदा खरा आहे हे मुलाखतीत पटवावं लागतं. बिलं, पावत्या, गिऱ्हाइकांचे निरोप, सगळं न्या. पटलं की बारा महिने सवलत. त्या काळात खरी कमाई धरतात, शून्य असली तरी. नंतर, मूल तीन वर्षांचं झालेलं असेल, तर ठरावीक किमान कमाई झालीच असं समजून पैसे कापतात. म्हणून ते वर्ष वाया घालवू नका. दर महिन्याला हिशेब द्यायचा, तोही शिवलेल्याचा नव्हे, हातात आलेल्या पैशांचा. दोऱ्याचं रीळसुद्धा खर्चात लिहा.

नवराबायको एकत्र राहत असतील तर अर्ज दोघांचा, सहसा दोघंही कामावर हवेत, आणि पैसे एकाच खात्यात. मला हे पटत नाही. बाईच्या कामातून उभा राहिलेला हक्क बाईच्या हातात यावा. तोवर खातं कुणाचं, हे घरात आधीच बोलून घ्या.

नवऱ्याच्या पगारामुळे हे मिळत नसेल, तर टॅक्स-फ्री चाइल्डकेअर बघा. आपण ८ पौंड ठेवले की सरकार २ घालतं. किमान कमाईची अट आहे, पण नव्या धंद्याला पहिले बारा महिने ती लागत नाही. दोन्ही एकदम घेता येत नाहीत.

आणि ज्यांच्या व्हिसावर सार्वजनिक निधी घेण्यास मनाई आहे, त्यांनी जाणत्या सल्लागाराला विचारल्याशिवाय अर्ज करू नये. व्हिसा धोक्यात येतो.

माझी हिशेबाची वही आणली आहे. चहाच्या वेळी बघा. शेवटची पानं तेवढी उलटू नका, तिथं तुमच्यातल्याच काहींची मापं आहेत.