मोटारीचें तेलपाणी



ज्यानें पातुरास आयुष्यभर मुलांना पाढे शिकविले, त्या मॅट्रिक झालेल्या शाळामास्तरानें उंची मोटारीच्या तेलपाण्याविषयीं बोलावें, याचें आपणांस हंसूं आलें तर मी तें वावगें मानणार नाहीं. माझ्या मालकीचें वाहन म्हणजे एक जुनी सायकल. परंतु गेल्या वैशाखांत पातुरच्या घाटांत आमच्यावर जो प्रसंग गुदरला, त्यानें या विषयाचा अभ्यास करण्याची पाळी मजवर आणली. आणि अभ्यास केला म्हणजे तो चार लोकांस सांगावा, ही मास्तरकीची जुनी खोड कांहीं सुटत नाहीं.

माझा पुतण्या पुण्यास नोकरीला असतो. त्यानें चार वर्षें वापरलेली एक मर्सिडीज गाडी विकत घेतली. ही गाडी परदेशची असें आपण समजतों. पण ती आपल्याच महाराष्ट्रांत जुळविली जाते. १९९५ सालीं या कंपनीची गाडी पिंपरी-चिंचवडास टाटांच्या आवारांत तयार होऊं लागली, आणि २००९ पासून तिचा कारखाना चाकणला आहे. गाडी अशी घरची असली, तरी आमच्या गांवाहून नागपूर गांठावयाचें म्हणजे अडीचशें किलोमीटरांहून अधिक वाट. सबब ती आमच्या अंगणांत येऊन उभी राहिली कीं प्रश्नहि उभा राहतो : हिचें तेलपाणी आपणच करावें, कीं करूं नये?

विकणाऱ्यानें ‘सारें तेलपाणी नुकतेंच केलें आहे’ असें तोंडानें सांगितलें होतें. त्याचा कागद त्यानें दिला नाहीं, आणि आम्हींहि मागितला नाहीं.

मालेगांवाहून आम्ही परत येत होतों. गाडींत आम्ही उभयतां, पुतण्या, त्याची पत्नी आणि पांच वर्षांची नात. बाहेर वऱ्हाडी उन्हाळा. पुढें पोत्यांनीं भरलेला एक ट्रक, आणि त्याच्यामागें सारा घाट पुतण्याचा पाय एकसारखा ब्रेकवर. अर्ध्या उतारावर तो पाय एकाएकीं खालपर्यंत गेला. “काका, ब्रेक लागत नाहीं,” एवढेंच तो हलक्या आवाजानें बोलला. त्यानें गाडी खालच्या गिअरमध्यें टाकली, वेग मोडला, आणि हातब्रेकच्या आधारानें ती डोंगराच्या बाजूला मुरमावर नेऊन उभी केली. नात मागें झोंपली होती. तिला कांहींच कळलें नाहीं. अर्ध्या तासानें पाहतों तों ब्रेक पूर्ववत् घट्ट! मला या गोष्टीचेंच अधिक भय वाटलें. जो दोष आपोआप नाहींसा होतो, तो माणूस विसरून जातो.

गाडी हळूहळू पातुरास आणून एका मिस्त्रीस दाखविली. तो माझा जुना विद्यार्थी. त्यानें लेखणीएवढें एक यंत्र ब्रेक-ऑईलच्या डबींत बुडविलें. त्यावर तांबडा दिवा लागला. तो म्हणाला, “गुरुजी, ह्या ऑइलानं चार पावसायाचं पानी पेलं.”

त्याचें हें एक वाक्य समजून घ्यावयास मला आठ दिवस लागले. ब्रेक-ऑईल हें नांवाचें तेल. तें खनिज तेल नसून ग्लायकोल जातीचा द्रव असतो, आणि हवेंतील ओलावा शोषून घेणें हा त्याचा स्वभाव. रबराच्या नळ्यांतून व डबीच्या झांकणाच्या वाटेनें पाणी त्यांत वर्षानुवर्षें मुरत जातें. डॉट ४ या प्रतीचें नवें ऑईल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळतां कामा नये, असा नियम आहे. त्यांत ३.७ टक्क्यांच्या सुमारास पाणी मुरलें म्हणजे हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. उतारावर ब्रेक तापतात, ती उष्णता ऑईलपर्यंत पोंचते, आणि पाणी मुरलेलें ऑईल उकळून त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाहीं, वाफ दाबली जाते, हा धडा मीं स्वतः पाण्यानें भरलेली पिचकारी बोटानें बंद करून मुलांना शिकविला होता. पाय दाबावा तो वाफ दबते, चाक थांबत नाहीं. ऑईल निवलें कीं वाफेचें पुन्हां द्रव होतें आणि ब्रेक साळसूद होऊन बसतो. म्हणूनच गाडी फार चालो वा न चालो, बहुतेक उत्पादक हें ऑईल दोन वर्षांनीं बदलावयास सांगतात.

त्या दिवसापासून मीं एक वही घातली आणि तिचे दोन भाग केले. डावीकडे आपल्या हातचीं कामें, उजवीकडे दुसऱ्याच्या हातचीं. सुशिक्षित घरांत दोन टोकांचीं माणसें आढळतात. एकास हात काळे करण्याची लाज वाटते. दुसऱ्यास चार चित्रफिती पाहिल्या कीं आपण मिस्त्री झालों असें वाटतें. ही वही दोघांकरितांहि आहे.

डावीकडचें पहिलें काम इंजिनाचें ऑईल. हें काम सावध गृहस्थास जमण्याजोगें आहे. गाडी सपाट जागीं असावी, इंजिन कोमट असावें, कढत नव्हे. खालून बोल्ट काढावयाचा तर गाडी भक्कम घोडीवर टेकविलेली पाहिजे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखालीं कोणींहि, कधींहि शिरूं नये. कित्येक गाड्यांत मात्र वरच्या नळीवाटे हातपंपानें जुनें ऑईल ओढून घेतां येतें व फिल्टरहि वरच असतो. तेथें खालीं शिरावें लागत नाहीं. फिल्टरबरोबर त्याचीं रबरी कडीं नवीं घालावीं, बोल्टाचा वॉशर नवा घालावा, आणि बोल्ट अंगच्या जोरानें न आवळतां पुस्तकांत दिलेल्या मापानें, टॉर्कच्या पान्यानें आवळावा. बोल्टाचे आटे एकदां गेले म्हणजे वांचविलेल्या मजुरीची दसपट भरावी लागते.

परंतु खरी परीक्षा ऑईल निवडण्यांत आहे. डब्यावर ‘पांच डब्ल्यू तीस’ लिहिलेलें दिसलें कीं काम झालें, असें नाहीं. तो आंकडा केवळ पातळ-घट्टपणाचा. मर्सिडीजच्या मान्यतेचे आंकडे २२९ पासून सुरू होतात, आणि टिंबापुढच्या अंकांत सारें मर्म असतें. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत-सहा नियमांच्या डिझेल गाड्यांत धुरांतील काजळी अडविणारी गाळणी असते. ऑईल जळून उरणारी राख त्या गाळणींत सांचते व पुढें जळून जात नाहीं. म्हणून तेथें कमी राखेचेंच ऑईल लागतें. येथें दुधाची तहान ताकावर भागत नाहीं. पुष्कळ नव्या गाड्यांत ऑईल मोजावयाची पट्टीहि नसते, पातळी पडद्यावर दिसते. तेव्हां सांगितलेल्या मापापेक्षां अर्धा लिटर कमी घालावें, इंजिन चालवून थांबावें, पातळी पाहावी, आणि मग उरलेलें घालावें. जास्त झालें तर फिरत्या दांड्यांनीं त्याचा फेंस होतो, आणि फेंसानें वंगण होत नाहीं.

दुसरें काम इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचें, म्हणजे कूलंटचें. कमी झालें तर भर घालणें एवढेंच डावीकडे. अकोल्याकडील खारपाण पट्ट्यांत ज्यांचें घर आहे त्यांस सांगावयास नको कीं विहिरीचें पाणी भांड्याचें काय करतें. तेंच तें इंजिनांतील अॅल्युमिनियमच्या बारीक वाटांचें करील. क्षार काढलेलें पाणी आणि उत्पादकानें सांगितलेलें रसायन, साधारणतः निम्मेंनिम, एवढेंच चालतें. हिरवें, निळें, गुलाबी या रंगांवर विसंबूं नये. रंगाचा सर्वमान्य नियम नाहीं. गरम इंजिनाचें झांकण उघडूं नये, दाबाखालचें पाणी तोंडावर उसळतें. आणि हें रसायन गोड असतें, पण विषारी असतें. अंगणांत सांडलें तर लगेच धुवावें, घरांत मुलें व कुत्रीमांजरें असतात.

तिसरी वस्तु आमच्या कास्तकार मंडळींच्या ओळखीची : युरिया. पुष्कळ नव्या डिझेल गाड्यांत धूर शुद्ध करण्यासाठीं ३२.५ टक्के युरियाचें द्रावण वेगळ्या टाकींत घालतात. “घरीं पोतें पडलें आहे, तेंच विरघळवूं,” असें एका शेजाऱ्यानें मला हंसत सुचविलें. खताचा युरिया त्या शुद्धतेचा नसतो. त्यांतील मळानें व क्षारांनीं ती सारी महागडी यंत्रणा निकामी होते. द्रावण सीलबंद घ्यावें, आणि तें चुकून डिझेलच्या टाकींत पडलें तर गाडी सुरूच करूं नये, उचलून न्यावी.

आतां उजवी बाजू. तींत मीं पहिलें नांव ब्रेकचें लिहिलें आहे. नव्या गाडींत ब्रेकच्या वाटेवर यंत्रचलित पंप व पडदे असतात. त्यांतील हवा काढावयास बहुधा संगणकाचें साधन लागतें. डबींतील पातळी पाहणें तेवढें आपलें काम. ती उतरली तर भर घालून मोकळें होऊं नये. गळती असेल, किंवा ब्रेकचे पॅड झिजले असतील, आणि भर घातल्यानें ती सूचनाच झांकली जाईल. इंजिनाचें ऑईल तर त्या डबींत थेंबभरहि जातां उपयोगी नाहीं. रबर फुगून ब्रेक जातो.

दुसरें नांव आपोआप बदलणाऱ्या गिअरबॉक्सचें. तिचें ऑईल जन्मभराचें असें कित्येक पुस्तकांत म्हटलेलें असतें. तरी असे गिअरबॉक्स बनविणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतःच्या गिअरबॉक्सांसाठीं ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षें अशी मुदत सांगते. तथापि तेथील पातळी ठराविक उष्णतेवर, इंजिन चालूं ठेवून पाहावी लागते. अंगणांत हें साधत नाहीं.

आपला हात जगन्नाथ हें खरें. पण काढलेलें जुनें ऑईल जगन्नाथास वाहतां येत नाहीं. आमच्याकडे तें वाळवीसाठीं चौकटींना फासतात, उरलें तें नाल्यांत ओततात. कायद्यानें तो घातक कचरा आहे. नव्याच्या रिकाम्या डब्यांत भरून तें परवानाधारक संग्राहकाकडे जाणाऱ्या गॅरेजमध्यें द्यावें.

हमीची मुदत चालूं असेल तर मात्र हात आवरावा. भारतीय स्पर्धा आयोगानें २०१४ च्या ऑगस्टमध्यें १४ मोटार-कंपन्यांविरुद्ध दिलेल्या निर्णयांत, बाहेरच्या कारागिराकडे गेल्यावरून सरसकट हमी रद्द करण्याच्या अटीस हरकत घेतली होती. पण घरीं स्वतः केलेल्या कामाची गोष्ट निराळी. आपल्या हमीपत्रांतील कलमें वाचावीं आणि शंका लेखी विचारावी.

आमच्या गाडीचें ब्रेक-ऑईल मिस्त्रीनें योग्य साधन मागवून बदललें. इंजिनाचें ऑईल पुतण्यानें व मीं मिळून बदललें. त्या कामास मिस्त्रीस एक तास लागता, आम्हांस सारी सकाळ लागली. मजुरी वांचली ती टॉर्कच्या पान्यांत गेली. पण वहींत तारीख, किलोमीटर, ऑईलचा आंकडा आणि पावती हीं चारहि एका पानावर आलीं. वही आतां गाडींतच असते. ती आमच्याजवळ पहिल्या दिवशीं असती, तर घाटांतला तो अर्धा तास आमच्या वांट्याला आला नसता.

दिवाळींत पुन्हां त्याच घाटानें उतरलों. या वेळीं नात जागी होती. “आजोबा, गाडी एवढी हळू कां?” असें तिनें विचारलें. खालचा गिअर उतारावर आधींच टाकावयाचा असतो, हें मीं तिला समजावून सांगितलें. तिला तें पटलें कीं नाहीं कोण जाणे. पण पुतण्यानें गिअर टाकला होता.