गाडीत स्क्रीन बसवताय? आधी पिवळी आणि लाल वायर बघा

बेस मॉडेल घ्यायचं, आणि वाचलेल्या पैशातून बाहेरून अँड्रॉइड स्क्रीन टाकायची. हा हिशोब आपल्या नवी मुंबईत बरेच जण करतात, आणि तो चुकीचाही नाही. फक्त दुकानात गेल्यावर सगळे विचारतात, "किती इंच? किती जीबी रॅम?" वायरिंग कसं करणार, हे कोणी विचारत नाही. आज तेवढंच बोलू.

स्क्रीनच्या मागून बऱ्याच वायर निघतात, पण खरा खेळ तिघींचा. काळी म्हणजे अर्थ. पिवळी थेट बॅटरीची, तिच्यात चोवीस तास १२ व्होल्ट. लाल म्हणजे एसीसी, चावी फिरवल्यावरच तिच्यात करंट येतो. पिवळी पोट भरते, लाल फक्त सांगते, "ऊठ" किंवा "झोप". म्हणून गाडी बंद केल्यावर स्क्रीन स्लीपमध्ये जाते आणि पुढच्या वेळी पटकन उघडते.

आता घाईतला फिटिंगवाला काय करतो? एसीसीची वायर शोधत बसण्यापेक्षा लाल आणि पिवळी एकत्र पिळतो आणि दोन्ही बॅटरीच्या लाइनला देतो. स्क्रीन लागते, गाणी वाजतात, तुम्ही खूश. पण तिला झोपायचा निरोपच मिळत नाही. डिस्प्ले काळा दिसला तरी आतला प्रोसेसर जागाच असू शकतो. छोट्या हॅचबॅकची बॅटरी धरा ३५ अँपिअर-अवर, आणि स्क्रीन खातेय १ अँपिअर. ३५ तासांत बॅटरी कोरडी, आणि सेल्फ मारणं तर त्याच्या बरंच आधी बंद होतं. शुक्रवारी रात्री गाडी लावून गावाला गेलात, तर रविवारी आल्यावर शेजाऱ्यांकडे जंप केबल मागायची. हीच स्क्रीन नीट झोपली आणि १० मिलिअँपिअरच खाल्ले, तर नुसत्या स्क्रीनला तीच बॅटरी संपवायला १४५ दिवस लागतील.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हे रंग स्क्रीनच्या वायरचे आहेत. गाडीच्या मूळ वायरिंगचे रंग कंपनीप्रमाणे वेगळे असतात. त्यामुळे "लाल ला लाल जोडली" हे उत्तर चालत नाही. मल्टिमीटर लावायचा. चावी काढूनही १२ दाखवतो ती पिवळीची जोडीदार, चावी फिरवल्यावर दाखवतो ती लालची. दोन मिनिटांचं काम.

आणि कंपनीचा कपलर कापू द्यायचा नाही. तुमच्या मॉडेलचा तयार कपलर मिळतो, एका बाजूला गाडी, दुसऱ्या बाजूला स्क्रीन. एरवी होतं काय, वायर सोलायची, पिळायची, वर टेप मारायची. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत त्या टेपचा गोंद सुटतो, पावसाळ्यात आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत तांबं हिरवं पडतं. सैल जोड तापतो. फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचा टाका, मोठा टाकलात तर फ्यूजऐवजी वायर जळेल. शिवाय कापलेलं हार्नेस दिसलं की वॉरंटीवरून वाद ठरलेलाच.

नव्या गाड्यांत अजून एक भानगड. जुन्या स्टीअरिंगवर प्रत्येक बटणाचा रेझिस्टन्स वेगळा असायचा, एकाच वायरवरून स्क्रीनला कळायचं कुठलं बटण दाबलं. साधं आणि छान! आता अनेक गाड्यांत हे सगळं कॅन बसवरून जातं. बॉशने १९८६ मध्ये जगासमोर आणलेलं हे नेटवर्क. दोन वायरवर सगळे कंट्रोलर गप्पा मारतात. काही गाड्यांत तर स्टिरिओमागे एसीसीची वेगळी वायरच नसते. तिथे कॅन डीकोडर बॉक्स लागतो. तो नको म्हणून कोणी पैसे वाचवून देत असेल, तर लाल वायर कुठे जोडणार ते आधी विचारा.

हँडब्रेकची वायर मात्र माझ्या डोक्यात जाते. ती अर्थ झाली, म्हणजे हँडब्रेक ओढला, तरच व्हिडिओ चालावा, अशी सोय असते. दुकानात ती सरळ बॉडीला जोडून टाकतात, कारण गिऱ्हाईकच तसं मागतं. पाम बीच रोडवर ताशी ६० ने जाताना दोन सेकंद स्क्रीनकडे बघितलं, की गाडी ३३ मीटर आंधळी गेली. माझं मत स्पष्ट आहे, ती वायर हँडब्रेकच्या स्विचलाच जोडून घ्या.

पैसे देण्याआधी दुकानातच तपासणी करून घ्या. चावी काढा, दारं बंद करा, अर्धा तास चहा प्या. मग बॅटरीच्या मायनसला मल्टिमीटर सिरीजमध्ये, १० अँपिअरच्या रेंजवर. मीटर लावलेला असताना गाडी स्टार्ट करायची नाही, मीटरच जाईल. आकडा साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत आला तर ठीक. जास्त असेल तर स्क्रीनचा फ्यूज काढून परत बघा, चोर कोण ते लगेच कळतं.

आणि हो, जुना स्टिरिओ आणि त्याची फ्रेम घरी घेऊन या, गाडी विकताना लागेल. पुढच्या भागात डॅशकॅम. भेटू!